आठवीतल्या मुलाला काय विचारायचं?

आश्रमशाळेतल्या दहावीच्या वर्गाला 'पुढे काय व्हायचंय?' असं विचारलं की बहुतेकदा तीनच उत्तरं येतात: पोलीस, शिक्षक, नर्स. जव्हारला विचारा, धडगावला विचारा, भामरागडला विचारा, यादी फारशी लांबत नाही. महाराष्ट्रात पंचेचाळीस अनुसूचित जमाती आहेत, २०११च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांवर होती. एवढ्या मोठ्या समाजातल्या मुलांच्या आवडी तीन शब्दांत मावतील, हे मला पटत नाही. मग त्या आवडी जातात कुठे? त्या शोधायला मानसशास्त्रातली व्यवसाय-आवड चाचणी उपयोगी पडेल का, की तीच आणखी एक चौकट होईल?

या प्रश्नावर दोन माणसं मी समोरासमोर बसवली आहेत. दोघं कल्पनेतली आहेत, पण त्यांचे मुद्दे या कामातली माणसं खरोखर मांडतात. मामा कोकणा समाजातले, जव्हार तालुक्यातले. गणित-विज्ञान शिकवण्यात आयुष्य आश्रमशाळेत गेलं, आता निवृत्त. भाची त्यांच्याच घरी राहून शिकली, मानसशास्त्रात एम.ए. झाली आणि नाशिकला विद्यार्थ्यांना व्यवसाय मार्गदर्शन करते. तिला मामांच्या जुन्या शाळेत चाचणी घ्यायची आहे.

भाची: मामा, आठवी ते दहावी तिन्ही वर्ग घ्यायचेत. तुम्ही हेडमास्तरांशी बोललात तर काम लवकर होईल.

मामा: बोलेन की. पण निघणार काय त्यातून? २०१६ साली सरकारनं दहावीच्या पोरांची कल चाचणी सुरू केली, तेव्हा आम्हीही बसवली पोरं. नंतर प्रत्येकाच्या नावानं कागद आला. एका पोराचा कल निघाला वाणिज्य. जवळच्या ज्युनिअर कॉलेजात कला शाखा सोडून दुसरं काही नव्हतं. पोरगं कला शाखेला गेलं. बापानं कागदाची घडी केली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिली.

भाची: हा दोष चाचणीचा, की कॉलेजचा?

मामा: त्या पोराला काय फरक पडतो, सांग.

भाची: मला पडतो. कारण कागद नसता तर 'या भागात वाणिज्य शाखा हवी' असं म्हणायला आपल्या हातात काहीच नसतं. सगळी पोरं कला शाखेत जातात म्हणजे त्यांना कलाच आवडते, असं वरचा अधिकारी खुशाल म्हणतो.

भाची जी चाचणी घेऊन आली आहे तिचा पाया जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड सैन्यात होता आणि भरती झालेल्या जवानांच्या मुलाखती घेऊन त्यांची वर्गवारी करण्याचं काम त्याच्याकडे होतं. माणसं अनेक असली तरी त्यांचे प्रकार थोडेच आहेत, असं त्याला तिथे वाटू लागलं. १९५९ साली त्यानं आपला सिद्धांत मांडला. हातांनी, अवजारांनी, जमिनीशी-जनावरांशी काम करणारा तो वास्तववादी. का आणि कसं हे शोधत बसणारा शोधक. मग कलात्मक, मग माणसांत रमणारा सामाजिक, चार लोकांना पटवून काम तडीस नेणारा उद्यमी, आणि नोंदी, हिशेब, शिस्त यांत ज्याला सुख वाटतं तो पारंपरिक. हे सहा प्रकार षटकोनाच्या सहा टोकांवर बसतात. शेजारचे एकमेकांना जवळचे, समोरासमोरचे दूरचे. कुणीही पूर्णपणे एकाच प्रकारचा नसतो, म्हणून सगळ्यांत प्रबळ तीन प्रकार घेऊन माणसाची ओळख लिहितात, आणि व्यवसायांचीही अशीच ओळख ठरवून दोन्ही जुळतात का ते पाहतात. माणूस आणि काम जुळलं तर तो त्या कामात टिकतो, समाधानी राहतो, हा या सिद्धांताचा गाभा. व्यवसाय मार्गदर्शनात आज ही पद्धत जगभर मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

मामा: मी तुझी प्रश्नपत्रिका वाचली. 'प्रयोगशाळेत प्रयोग करायला आवडेल का?' आमच्या पोरांनी प्रयोगशाळा पाहिली ती कुलूप लावलेल्या कपाटासारखी. 'वाद्यवृंदात वाजवायला आवडेल का?' त्याचा आजा तारपा वाजवतो, पण वाद्यवृंद म्हणजे काहीतरी शहरातलं, असं समजून तो 'नाही'वर खूण करणार. जे कधी पाहिलं नाही त्याची आवड-नावड पोरगं सांगणार कसं?

भाची: म्हणून तर प्रश्न बदलायचे. नाटकाऐवजी बोहाड्यात सोंग घेण्याबद्दल विचारता येतं. यंत्रदुरुस्तीऐवजी पाण्याचा पंप, मोटरसायकल.

मामा: बदल, जरूर बदल. पण तेवढ्यानं भागत नाही. दुसरी गोष्ट तुला वर्गात दिसेल. आमची पोरं 'मी हे इतरांपेक्षा चांगलं करतो' असं लिहीत नाहीत. त्यांना ते लाजिरवाणं वाटतं. गावात भाताच्या आवणीला सगळे एकमेकांच्या शेतात जातात, तिथे कोण पुढे, कोण मागे हे बोलून दाखवत नाहीत. मग तुझ्या चाचणीत सहाही रकान्यांत सारखेच गुण येतात. आलेख सपाट. आणि तुम्ही अहवालात लिहिता, 'व्यक्तिमत्त्व अस्पष्ट'.

भाची: आलेख सपाट येतो, हे खरं आहे. हॉलंडनंही त्याचा विचार केलाय. ज्याच्या आवडी अजून वेगळ्या झालेल्या नाहीत त्याच्याबद्दल भाकीत करणं कठीण, असं तो म्हणतो. आणि हे फक्त आपल्या पोरांबाबत नाही. १९९६ साली राउंड्स आणि ट्रेसी या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतली आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा अमेरिकेबाहेर हा षटकोन तितका नीट बसत नाही, असं निघालं. मी हे झाकत नाही.

मामा: मग?

भाची: मग सपाट आलेखाचा अर्थ 'या पोराला आवड नाही' असा लावायचा नाही. 'या पोराला अजून पुरेसं दाखवलेलं नाही' असा लावायचा. तोसुद्धा निष्कर्षच आहे, मामा. पण तो शाळेविषयीचा.

या ठिकाणी मी भाचीच्या बाजूची आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. आवड ही आतून आपोआप उगवत नाही. पाहणं, हाताळणं, कुणाला तरी करताना बघणं यांतून ती तयार होते. आश्रमशाळेतलं मूल पहिलीपासून घरापासून दूर, एका कुंपणाच्या आत राहतं. गावात त्याला दिसणारे पगारदार म्हणजे शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, पोलीस. आई-बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले. अशा मुलानं 'पोलीस' लिहिलं तर ते त्याचं व्यक्तिमत्त्व नसतं, तो त्याला दिसलेला रस्ता असतो. आणि तो रस्ता त्यानं नीट पारखलेला असतो, हेही समजून घ्यायला हवं. भरतीला मुलांनी १६०० मीटर धावायचं, मुलींनी ८०० मीटर, गोळा फेकायचा, लेखी परीक्षा द्यायची. अटी सगळ्यांना ठाऊक, गावातला कुणीतरी आधी लागलेला, चार-पाच वर्षांची फी नाही. इतका स्पष्ट रस्ता त्याला दुसऱ्या कोणत्याच व्यवसायात दिसत नाही.

मामा: आणखी एक सांगतो. तू येतेस ते चौदाव्या-पंधराव्या वर्षी. तोवर पोरीनं स्वतःच्या मनातून निम्मे धंदे कधीच खोडलेले असतात. 'हे पोरांचं काम' म्हणून खोडलं, 'हे आपल्यासारख्यांचं काम नाही' म्हणून खोडलं. उरलेल्यांतून आवड विचारतेस.

भाची: तुम्ही लिंडा गॉटफ्रेडसन वाचलीत की काय?

मामा: तूच ठेवून गेली होतीस पुस्तक.

भाची: तिनं १९८१ साली हेच मांडलं. सहा-सात वर्षांची मुलं स्त्री-पुरुष भेदानुसार कामं खोडू लागतात, नऊ ते तेराच्या दरम्यान प्रतिष्ठेनुसार. काय आवडतं याचा विचार सर्वांत शेवटी येतो, आणि तोवर निवडीचं वर्तुळ आक्रसलेलं असतं. म्हणूनच मी दहावीची वाट पाहत नाही. आठवीपासून घ्या म्हणते.

मामा: पाचवीपासून का नाही?

भाची: पाचवीत चाचणी नको. पाचवीत दाखवायचं.

इथपर्यंत दोघं जवळ येत चालले आहेत असं वाटेल. पण मामांच्या बोलण्यात पुढे एक वाक्य येतं आणि भाची उसळते.

मामा: तुझ्या त्या सहा प्रकारांत आपली पोरं बसवू नकोस एवढंच म्हणतो. आपल्या पोरांची बुद्धी वेगळी. ती हातात आहे, पायात आहे, रंगात आहे. कविता राऊत बघ, सावरपाड्याची पोरगी, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला पदक आणलं. चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच पोरं २०१८ साली एव्हरेस्टवर चढली. वारली चित्र जगात गेलं. हे जपावं.

भाची: मामा, याच वाक्याची मला भीती वाटते. बाहेरचा माणूस हेच बोलतो तेव्हा आपल्याला राग येतो. आदिवासी म्हणजे पळणार, नाचणार, चित्रं काढणार. कविता राऊतचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण वर्गातल्या चाळीस पोरांपैकी जिला पळायला आवडत नाही, चित्र काढता येत नाही, पण बचत गटाचा हिशेब आईच्या आधी जुळवते, ती पोरगी तुमच्या या चित्रात कुठेच नाही. शाळेच्या कार्यक्रमात तिला नाचात उभं करतात. तिच्या डोक्यातली आकड्यांची शिस्त कुणाच्या नजरेलाच येत नाही. माझ्या चाचणीत 'पारंपरिक' आणि 'उद्यमी' हे दोन रकाने आहेत. त्यात ती उठून दिसते. पहिल्यांदा कुणीतरी छापून सांगतं की तुझ्यात हे आहे.

मामा: (थोड्या वेळानं) पोरी, मी कमीपणानं नाही म्हणालो.

भाची: मला माहीत आहे. पण 'आपली पोरं वेगळी' या वाक्यानं आपण त्यांना किती दरवाजे बंद करतो, ते बघा. संस्कृती म्हणजे ठरलेला साचा नव्हे. जिव्या सोमा म्हशे यांचंच घ्या. लग्नात भिंतीवर चौक लिहिणं हे वारल्यांत बायांचं काम. पुरुषानं ते हातात घेणं रीतीत बसत नव्हतं. त्यांनी घेतलं, रोज चित्रं काढली, विधीबाहेर नेली, आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या लहानपणी कुणी 'संस्कृतीला धरून' मार्गदर्शन केलं असतं, तर त्यांच्या हातात कुंचला आला नसता.

मामा: हे मान्य. पण मग राहीबाईंचं सांग. राहीबाई पोपेरे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, महादेव कोळी. शाळेत गेल्या नाहीत. तुझ्या चाचणीत त्यांना काय मिळालं असतं?

भाची: शेतात काम करतात म्हणून पहिलं अक्षर वास्तववादीचं.

मामा: हेच! देशी वाणांचं बियाणं त्यांनी निवडलं, वेगळं ठेवलं, कोणतं कीड सोसतं, कोणतं कमी पाण्यात तगतं ते वर्षानुवर्षं पाहिलं. हे शोधकाचं काम नाही? पांढरा कोट नाही म्हणून ते मातीकाम ठरतं. मग बायांचे गट उभे केले, बियाणं बँक चालवली. त्यात सामाजिक आलं, उद्यमी आलं. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्याआधी पन्नास वर्षं तुमच्या प्रश्नावलीनं त्यांना शेतमजूर म्हटलं असतं. आणि आमच्या वर्गात अशी पोरं आहेत. रानभाजी कोणती कधी खायची, कोणत्या झाडाची साल कशाला लागते हे सातवीतलं पोरगं सांगतं. विज्ञानात त्याला पस्तीस मार्क. मी स्वतः दिलेत.

मामांचा हा मुद्दा चाचणीच्या वर्मावर आहे. हॉलंडचे सहा प्रकार माणसाच्या स्वभावाचे आहेत, पण ते ओळखायला वापरलेली कामं एका विशिष्ट समाजातली आहेत. तिथे शोध प्रयोगशाळेत लागतो, संघटन कार्यालयात होतं, हिशेब बँकेत. जिथे हेच सारं शेताच्या बांधावर आणि जंगलात घडतं, तिथल्या मुलाच्या शोधक वृत्तीची नोंद अंगमेहनत म्हणून होते. प्रश्न नुसते मराठीत भाषांतरित करून ही चूक दुरुस्त होत नाही; शिवाय मुलाच्या घरची भाषा अनेकदा मराठीही नसते. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या, कोरकू तर मुंडा कुळातली. प्रश्नावली त्या त्या भागात बसून, तिथल्या माणसांच्या मदतीनं, तिथल्या कामांवरून नव्यानं बांधावी लागते. ते खर्चाचं आणि वेळेचं काम आहे, आणि ते व्हायलाच हवं.

भाची: तुमचा मुद्दा मी पुढे नेते. व्यवसायांची यादीसुद्धा आपली हवी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. आता ग्रामसभा बांबू विकते, तेंदूचे लिलाव करते. तिथे निविदा वाचणारं माणूस लागतं, कर भरणारं लागतं, जंगलाचा नकाशा काढणारं, व्यापाऱ्याशी भाव ठरवणारं लागतं. ही सगळी करिअर आहेत आणि ती गावात आहेत. पण मार्गदर्शनाच्या एकाही पुस्तकात 'ग्रामसभेचा हिशेबनीस' असा व्यवसाय मला सापडला नाही.

मामा: आता बोललीस! ही यादी घेऊन ये, मी तुझ्यासोबत वर्गात येतो.

भाची: पण यादी गावापुरती ठेवू नका. तिथेही मला तुमचा संशय येतो. नंदुरबारला कलेक्टर होते ते डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल समाजातले, साक्रीच्या सामोड्याचे. आधी डॉक्टर झाले, मग आयएएस. त्यांनी गावातच राहायला हवं होतं, असं कोण म्हणेल? एखाद्या पोरीला समुद्रातल्या माशांवर संशोधन करायचं असेल तर तिच्यापुढे ग्रामसभा ठेवणं हाही अन्यायच.

मामा: मोठी नावं सांगू नकोस. वर्गातल्या पोराला त्यांचं ओझं होतं. त्याला चुलतभाऊ दाखव, जो आयटीआय करून पालघरच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन झाला. तो त्याला विचारू शकतो की खोलीचं भाडं किती, जेवायचं काय करतोस.

भाची: हे मी लिहून घेते.

मामा: आणि मला एक सांग, चाचणीच्या ऐवजी सरळ विचारलं तर? 'बाळा, तुला काय व्हावंसं वाटतं?'

भाची: हॉलंडची जी स्वतः भरायची पुस्तिका आहे, तिची सुरुवात याच प्रश्नानं होते. आजवर कोणकोणत्या कामांची स्वप्नं पाहिलीत, ती लिहा. आणि संशोधन असं सांगतं की माणूस स्वतःहून जे सांगतो, ते पुढे तो काय करेल याबद्दल चाचणीच्या गुणांइतकंच, कधी त्याहून जास्त, खरं ठरतं.

मामा: मग झालंच की! कशाला हव्यात त्या शे-दीडशे खुणा?

भाची: कारण स्वप्नांचा रकाना आपल्या पोरांकडून कोरा येतो, नाहीतर 'पोलीस' येतं. श्रीमंत घरातलं पोरगं जेवणाच्या ताटावर दहा व्यवसायांची नावं ऐकतं. आपल्या पोराला नावंच माहीत नाहीत. खुणा करता करता ती त्याच्या समोरून जातात. 'हे काय असतं, ताई?' असं तो विचारतो. मला तर गुणांपेक्षा त्यानं विचारलेले प्रश्न जास्त उपयोगाचे वाटतात.

मामा: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला होत्या, तेव्हा गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात. बायांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. तुझी चाचणी अशी न्यायला हवी. आधी सहा महिने पोरांना हिंडव. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात रक्त तपासणारा माणूस दाखव. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र दाखव. जमिनीची मोजणी चाललेली दाखव, बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला उभं कर. आणि मग तुझा कागद दे.

भाची: मान्य. पण कागद द्यायचाच.

मामा: देऊ. शाळेच्या रजिस्टरला मात्र तो लावायचा नाही. मी मास्तर होतो, मला ठाऊक आहे काय होतं ते. एकदा 'वास्तववादी' लिहिलं की त्या पोराला विज्ञान शाखेचा फॉर्मच कुणी देणार नाही. 'तू आयटीआयला जा' म्हणतील. दहावीला तो काय आहे हे आठवीच्या कागदावर ठरेल.

भाची: आणि त्या हिशेब जुळवणाऱ्या पोरीचं काय? तिचा बाप म्हणतो, नर्सिंगला जा, नाहीतर लग्न कर. तिच्या तोंडचा शब्द तो ऐकत नाही. शाळेचा शिक्का असलेला कागद ऐकेल.

मामा: मग कागद तिच्या हातात दे, शिक्क्यासकट. शाळेच्या फायलीत प्रत नको. दरवर्षी नवा दे, जुना फाडायला सांग.

भाची: दरवर्षी तीन वर्गांची चाचणी? एवढी माणसं कुठून आणू?

मामा: माजी विद्यार्थी आहेत. बी.ए. होऊन घरी बसलेत, भरतीची वाट बघत. त्यांना शिकव.

भाची: बरं. पण शिक्का फक्त पोरीच्या कागदावर आणि फायलीत काहीच नाही, हे हेडमास्तर मानणार नाहीत. आणि खरं सांगू का, मलाही ते पूर्ण पटत नाही. फायलीत नोंद नसेल तर कोणत्या तालुक्यात कोणती शाखा हवी, हे आपण सरकारला कशाच्या आधारावर सांगणार?

मामा: पोरांची नावं काढून आकडे दे.

भाची: शाळा लहान आहे. नाव काढलं तरी कोण ते कळतं.

मामा: मग तालुक्याचे एकत्र दे. त्याच्यासाठी बाकीच्या आश्रमशाळांना तयार करावं लागेल. ते मी बघतो, माझे जुने सोबती आहेत तिथे. तू कधी सुरू करतेस?

भाची: जुलैत.

मामा: जुलैत आवणी. निम्मी पोरं घरी पळतात.

भाची: मग ती परत आल्यावर. आणि पहिल्या दिवशी प्रश्नावली काढणार नाही. आवणीला तू काय काम केलंस, ते कुणी शिकवलं, आणि दुसऱ्या कुणाचं काम बघून ते आपल्याला करायला मिळावं असं वाटलं, एवढे तीनच प्रश्न विचारीन.

मामा: चौथा घाल. कोणतं काम पुन्हा कधीच करायचं नाही असं वाटलं. त्याचं उत्तर पोरं लगेच देतात.